फायबरची होडी ‘हिरवी’ नाही

पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतंय: ‘लाकडी होडी म्हणजे वृक्षतोड, फायबरचीच घ्या.’ हे अर्धसत्य आहे. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि खनिज तेलापासूनचं रेझिन, म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळवता येत नाही. मोडकी होडी काठावर झिजत पडते, तिचे बारीक कण पाण्यात उतरतात. खडकवासल्याचं पाणी आपण पितो, म्हणून हे मनाला लागतं.

तिसरा पर्याय ॲल्युमिनियमच्या होडीचा. ॲल्युमिनियम नव्याने बनवायला किलोमागे सुमारे १४ युनिट वीज लागते. भंगारातून बनवलं तर जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते. लागवडीचं लाकूड वापरून डागडुजी करत राहिलात, तर माझ्या मते लाकडी होडीच उजवी. जुन्या जंगलातला साग तोडला असेल, तर मात्र नाही.