सेबूत राहायचंय? मग तोंडभरून कौतुक करा

फिलिपिन्सला नोकरीला चाललाय? अभिनंदन! बोलायचं स्वातंत्र्य तिथे १९८७ च्या राज्यघटनेतच लिहून दिलंय, त्यामुळे बिनधास्त बोला, फक्त काय बोलायचं ते आधी माझ्याकडून शिकून जा, मी तिथल्या सेबू शहरात चार वर्षं काढलीत.

आधी फोनचा कॅमेरा ऑन करा, जॉलीबी या तिथल्या फास्टफूडवाल्याचं चिकन तोंडात टाका, डोळे मोठे करा आणि उभ्या आयुष्यात असलं चिकन खाल्लं नाही म्हणून गदगदून जा. आईच्या हातचा रस्सा आठवला तर तोही गिळा. व्ह्यूज धो धो येतात. याला तिथलेच लोक 'पिनॉय बेटिंग' (म्हणजे फिलिपिनोंना गळ टाकणं) म्हणून हसतात आणि हसत हसत बघतातही.

ट्रॅफिकवर मात्र चकार शब्द नको. मी एकदा फेसबुकवर लिहिलं की शेजारच्या मांदाउएचा पूल ओलांडायला दीड तास लागला, बास एवढंच, तर बिल्डिंगच्या गार्डपासून ऑफिसातल्या पोरीपर्यंत सगळ्यांचा एकच सल्ला, मग जा ना परत आपल्या देशात. स्वतः रोज त्याच पुलाला शिव्या घालतात हो, पण घरातले ढेकूण घरच्यांनी मारायचे, पाहुण्याने मोजायचे नसतात.

अशा हळव्या माणसाला तिथे 'बालात सिबुयास' म्हणतात, कांद्याच्या सालीचा. त्यात सेबूत कांद्याला म्हणतात 'बोंबाय', आणि मोटारसायकलवर फिरून पाचाचे सहा वसूल करणाऱ्या पंजाबी सावकारालाही 'बुंबाय'. मी डोंबिवलीचा, तरी शेजारची आते (तिकडे आते म्हणजे ताई) पगाराच्या दिवशी हमखास विचारते, तुझी मोटारसायकल कुठंय? २०२३ च्या जानेवारीत कांदा किलोला ६०० पेसोच्या वर गेला, आते एकच कांदा घेऊन आली, आणि पुढच्याच महिन्यात लासलगावात शेतकऱ्याला किलोमागे दोन-चार रुपये मिळत होते. मी तिला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता कायदा. २०१२ पासून तिथे ऑनलाइन बदनामीला छापील बदनामीपेक्षा मोठी शिक्षा आहे, आणि नुसतं खरं असून भागत नाही, हेतूही चांगला होता हे दाखवावं लागतं. तिथल्या पत्रकार मारिया रेसांच्या न्यूज साइटवरची बातमी मे २०१२ ची, कायदा आला सप्टेंबरात, म्हणजे सुटल्या म्हणाल, तर २०१४ ला कुणीतरी त्यातलं एक अक्षर दुरुस्त केलं आणि कोर्टाने ते नवीन प्रकाशन धरलं! २०२० ला दोषी, शिक्षा सहा वर्षांपर्यंत, २०२१ ला नोबेल. त्यामुळे नोबेल नको असेल तर शुद्धलेखन सुधारू नका.

लाइक मात्र खुशाल करा, नुसत्या लाइक-शेअरचा गुन्हा तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ ला काढून टाकला. (आपल्या पालघरला २०१२ मध्ये लाइक केलं म्हणून पोरीला अटक झाली होती, तेव्हा फार हसू नका.) मोर्च्यात तर अजिबात जाऊ नका, सिस्टर पॅट्रिशिया फॉक्स २७ वर्षं गरिबांत राहिल्या, सत्तरी ओलांडलेली ऑस्ट्रेलियन नन, २०१८ ला त्यांनाही देश सोडावा लागला. तुमचं तर वर्क परमिट, तेही कंपनीच्या मेहरबानीवर.

बाय द वे, वरती मांदाउएचं स्पेलिंग चुकलंय बहुतेक. मी हात लावणार नाही.