ट्रॅक्टर हलतो तोवर ट्रॉली भरत राहावी

साखर कारखान्यात गव्हाणीचे, म्हणजे ऊस टाकायच्या जागेचे, पूजन झाले, मोळी पडली आणि गाळप हंगाम सुरू झाला की तुमच्या दारातल्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडल्या जाणार, हे ओघानेच आले. बँकेचा हप्ता डोक्यावर आहे, ऊसतोड टोळीच्या मुकादमाला दिलेली आगाऊ उचल अंगावर आहे, आणि ती उचल घेऊन टोळी दुसऱ्याच कारखान्याकडे गेली नसेल तर ते तुमचे पूर्वसुकृत. अशा माणसापुढे प्रश्न एकच उरतो: एका खेपेत किती ऊस न्यावा? या प्रश्नाचे उत्तर आरसी बुकात शोधणारे काही लोक असतात. आपण त्यांच्या नादी लागू नये. पासिंगचा, म्हणजे आरटीओने मंजूर केलेल्या भाराचा, आकडा पासिंगच्या दिवसापुरता असतो. त्या दिवशी ट्रॉली धुतलेली, रंगवलेली आणि रिकामी होती. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, आणि टनाला पासिंग ठाऊक नसते.

तेव्हा भरण्याचा नियम सोपा ठेवावा. ट्रॅक्टर जागचा हलतो तोवर भरत राहावे. फडातल्या ओल्या रानातून तो हललाच नाही, तर पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडून ओढून काढावा. एकदा डांबरी लागली की आपला गडी एकटा समर्थ आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर कित्येक पटींनी वाढून चाकांपर्यंत पोचतो, त्यामुळे पन्नास घोड्यांचे यंत्र स्वतःच्या दहापट वजन ओढून नेते आणि पारावर त्याचे कौतुक होते. ते रास्तच आहे. ब्रेकला मात्र गिअर नसतो. ही गोष्ट पारावर काढू नये, रंगाचा बेरंग होतो.

थोडा हिशेब मांडून पाहू, आणि पटला नाही तर सोडून देऊ. ट्रॅक्टर सव्वादोन टनांचा, दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन आणि वर २० टन ऊस धरला, तर एकूण २६ टनांची वरात होते. ट्रॉल्यांना ब्रेक असण्याची चाल आपल्याकडे फारशी नाही, आणि ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांवरच लागतात. त्या दोन चाकांवर ट्रॅक्टरचा जेमतेम दीड टन भार असतो, आणि कोरड्या डांबरावरसुद्धा टायरची पकड साधारणपणे त्या भाराहून कमीच भरते. आता वीस फुटांना एक फूट असा, डोळ्यांना धड दिसतही नाही इतका उतार घ्या: २६ टन वजन तिथे सुमारे १,३०० किलोच्या जोराने खाली खेचत असते. म्हणजे दोन्ही पायांनी उभे राहून ब्रेक दाबला, तरी जवळजवळ सगळी पकड वेग वाढू न देण्यातच खर्ची पडते, आणि थांबण्यासाठी हाताशी उरतो तो हॉर्न. म्हणून हॉर्न उत्तम प्रतीचा बसवावा.

उतारावर डिझेल वाचवण्याची जी पिढीजात युक्ती आहे, तीही सोडू नये. माथ्यावर पोचताच गाडी न्यूट्रल करावी. गिअरमध्ये असलेले इंजिन उतारावर चाकांना मागे धरून ठेवते, हा त्याचा आगाऊपणा आहे. तुम्ही त्याला ओढायचे पैसे देता, अडवायचे नव्हे. एकदा न्यूट्रल झाले की मागचा ऊस पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागतो, ट्रॉली आणि ट्रॅक्टर कात्रीसारखे मिटतात, आणि आजवर तुम्ही ज्याला ओढत होता तो तुम्हाला ओढू लागतो. संसारात हे सर्वांनाच अनुभवाला येते, मग रस्त्यावर का येऊ नये?

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात आणि ती दोन्ही जोडायला एक पट्टी असते. शेतात जागच्या जागी वळण्यासाठी ही पट्टी सोडायची आणि रस्त्यावर येताच पुन्हा लावायची, अशी ज्यांनी ट्रॅक्टर घडवला त्यांची समजूत होती. आपण ती कायमची सोडून ठेवावी. पाय घाईत एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर आपल्या मनानेच दिशा निवडतो, आणि पुढे झाड येते की पूल एवढाच प्रश्न राहतो. हुकाच्या पिनेला खाली लॉक हवे असते, तिथे तारेचा तुकडा पुरतो. सुटली ट्रॉली तर ती कुठेतरी थांबतेच. आजवर एकही ट्रॉली अजून चालत असल्याचे ऐकिवात नाही.

चढावर पुढची चाके उचलतात, त्याने खचून जाऊ नये. हुकावर पडणारा ओढा मागच्या चाकांभोवती ट्रॅक्टरला उलटा फिरवू पाहतो, आणि हुक जितका उंच, तितका हा डाव सोपा होतो. यावर उपाय म्हणून पुढे लोखंडी वजने लावायची सोय कंपनीने ठेवली आहे, पण ती वजने घ्यायला पैसे पडतात. दोन जाणती पोरे बॉनेटवर बसवली तर फुकटात काम होते, शिवाय त्यांना समोरचा रस्ता चांगला दिसतो.

रात्रीच्या खेपेबद्दल सविस्तर बोलले पाहिजे, कारण खरी कला तिथे लागते. हंगामाच्या सुरुवातीला रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो, साहेब येतात, ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवतात आणि फोटो निघतो. फोटो निघाल्यावर पट्टीचे काम संपलेले असते. पुढे आठवड्याभरात फडातला चिखल तिच्यावर बसतो आणि लोंबणारा ऊस उरलेला भाग झाकतो, हे निसर्गक्रमानुसार होऊ द्यावे. मागचा दिवा लावल्यास बॅटरीवर ताण येतो आणि गाण्यांचा आवाज कमी होतो. आवाज तर कमी होता कामा नये; शिवारातल्या प्रत्येक घराला तुमची तिसरी खेप चालली आहे हे कळले पाहिजे, आणि मागून कोणी जीव तोडून हॉर्न वाजवत असेल तर ते तुम्हाला कळता कामा नये. मागून मोटारसायकलवर दूध घालून घरी निघालेला माणूस येत असतो. त्याला समोर अंधार दिसतो, आणि अंधार मोकळा असतो अशी त्याची बिचाऱ्याची समजूत असते.

टायर फुटले तर ट्रॉली जिथे आहे तिथेच, म्हणजे रस्त्याच्या मध्याजवळ, उभी करावी. चाकांना दगड लावावेत. काम झाल्यावर ते तिथेच ठेवून जावे. तुमच्या मागून येणाऱ्या कोणाच्या ट्रॉलीला ते उपयोगी पडतील असा सद्भाव त्यामागे असतो, आणि पहाटेपर्यंत ते कोणाला तरी सापडतातच.

वळणावरचे एक सांगायचे राहिले. पुढचा ट्रॅक्टर जिथून गेला तिथून मागची ट्रॉली कधीच जात नाही. ती आतल्या बाजूने कोपरा कापत येते, आणि दुसरी पहिलीपेक्षाही आतून. कोपऱ्यावर शाळा सुटल्यावर मुले उभी असतात. आम्हीही उभे राहायचो. ट्रॉली हळू झाली की पळत जाऊन मोळीतले एखादे कांडे उपटायचे आणि शेताच्या बांधावर बसून दातांनी सोलायचे, यापरते सुख त्या वयात नव्हते. ड्रायव्हरही शिव्या द्यायचे ते प्रेमानेच. तेव्हा बैलगाड्या जास्त होत्या, आणि बैल थांबत असत.

आता पैशांचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे; म्हणजे पासिंगपेक्षा दहा टन जास्त असतील तर ४०,००० रुपये होतात. भार बाहेर लोंबत असेल तर त्याचे २०,००० वेगळे. २०१९ साली दुरुस्ती होऊन हे आकडे आले, तेव्हा गावात काही दिवस शांतता होती. पण भीती बाळगण्याचे कारण नाही. जादा भार सिद्ध करायला वजन करावे लागते, आणि रात्री रस्त्याच्या कडेला काटा घेऊन कोण उभे राहणार?

तसा काटा कारखान्यात आहेच. कारखान्याच्या फाटकात शिरताच तुमची ट्रॉली त्यावर चढते. भरलेले वजन नोंदवले जाते, गव्हाणीत ऊस पडल्यावर रिकामे वजन नोंदवले जाते, आणि एकातून दुसरे वजा होऊन निव्वळ आकडा निघतो. तो कमी लागला की शेतकरी भांडतो, संघटना आंदोलन करते, काटामारीच्या तक्रारी मंत्रालयापर्यंत जातात. तो जास्त आहे म्हणून कोणी कधी भांडलेले नाही. तुमच्या ट्रॉलीने पासिंगपेक्षा किती टन जास्त वाहिले, याचा गाडी नंबर, तारीख आणि वेळेसह छापलेला कागद खेपेगणिक तुमच्या हातात पडतो.

ती स्लिप नीट जपून ठेवावी. पंधरवड्याचे बिल तिच्यावरच निघते.