स्टेपनीविना सुखाने कसे जगावे

नवी गाडी ताब्यात घ्यायला शोरूममध्ये जाल तेव्हा डिकीतलं कार्पेट उचलू नका. नियम एवढाच. पुढे जे लिहिलंय ते हा नियम मोडून बसलेल्यांसाठी आहे.

तसा तो प्रसंगही उचलाउचलीचा नसतो. गाडीवरचं लाल कापड नुकतंच सरकलेलं असतं, शोरूमची मंडळी टाळ्या वाजवत असतात, पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो चाललेले असतात. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चार चाकांखाली चार लिंबं. एवढ्यात मामा पुढे होतात. प्रत्येक घरात असे एक मामा असतात. त्यांनी वीस वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवलेली असते आणि त्या बळावर ते जगातला कुठलाही टायर लाथ मारून तपासू शकतात. "स्टेपनी बघून घेतलीस का रे?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, मामा कार्पेट वर करतात. खाली थर्माकोलचा साचा. साच्यात शाळेच्या डब्याएवढा एक पंप, एक बाटली आणि घडी घातलेली माहितीपत्रिका. आमच्या मामांनी साचा बोटाने वाजवून पाहिला, वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं आणि सेल्समनला विचारलं, "पाचवं चाक मागाहून पाठवणार काय?"

"सर, हेच पाचवं चाक," बाटलीकडे बोट दाखवून तो म्हणाला. मामांनी त्या दिवशी पेढा घेतला नाही.

तुम्ही घ्या. आणि पेढा खाता खाता सेल्समनचं शांतपणे ऐका. ट्यूबलेस टायर सहसा पंक्चर होत नाही. झालाच तर हवा कमी झाल्याचं गाडी स्वतः सांगते. सांगितलं की किट वापरायचं. किटने नाहीच भागलं तर चोवीस तास मदतीचा नंबर आहे. यातलं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याची हवा काढतं हे तुमच्या ध्यानात येईल, पण बोलून दाखवू नका. बिचाऱ्याला महिन्याचं टार्गेट असतं.

शिवाय सगळं कायद्याला धरून आहे. जुलै २०२० मध्ये, आपण सगळे दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो तेव्हा, केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर जादा चाकाची गरज नाही. जागा वाचेल, तिथे मोठी बॅटरी वगैरे बसवता येईल, असं कारणही दिलं. माझी गाडी पेट्रोलची आहे. तिच्यात बॅटरीच्या जागी थर्माकोल बसवलाय, पण अगदी उत्तम प्रतीचा.

वजन वाचतं, हेही खरं. चाक, जॅक, पाना धरून पंधरा-वीस किलो सहज जातात, आणि हलकी गाडी पेट्रोल कमी पिते. कंपनीचा चाकाचा खर्चही वाचतो. तो तुमच्या बिलातून वजा झालेला दिसला नाही तर बिल पुन्हा वाचत बसू नका, डोळे दुखतील. वाचलेल्या किलोंचं काय करायचं ते सांगतो. मे महिन्यात कोकणातून परतताना आम्ही तेवढ्याच वजनाचा एक कापा फणस डिकीत घातला. मायलेज होतं तिथे आलं, पण फणस गोड निघाला.

आता मुख्य कौशल्य, म्हणजे खिळ्याची निवड. स्टेपनीवाल्याला कुठलाही खिळा चालायचा; किटवाल्याने चोखंदळ असलं पाहिजे. स्थळ बघताना करता तेवढी चौकशी करा. जाडी चार, फार तर सहा मिलिमीटर. घुसायचं ते टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात, शक्यतो मधोमध. टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसणारा खिळा घराण्यात आणूच नका, तिथे बाटलीतलं औषध चालत नाही. घुसल्यावर त्याने मुकाट्याने आत बसून राहायला हवं. उपटलात तर भोक मोकळं होतं. घटना दिवसा, सपाट रस्त्यावर, पाऊस नसताना घडावी. आणि हो, बाटलीला मुदत असते. काही वर्षांत आतल्या चिकाचा भरवसा राहत नाही, म्हणून पंक्चर गाडी नवी असतानाच उरकून घेतलेलं बरं.

असा सुलक्षणी खिळा मिळाला की पुढचं सोपं आहे. बाटलीची नळी व्हॉल्व्हला लावायची, पंपाची पिन सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये, इंजिन चालू. पंप पिठाच्या गिरणीसारखा थरथरतो आणि पांढरा चीक टायरमध्ये उतरतो. दहाएक मिनिटांत काटा वर आला नाही तर भोक मोठं आहे असं समजून पंप बंद करायचा. आला तर पटकन गाडीत बसून काही किलोमीटर चालवायची, म्हणजे चीक आत सगळीकडे फिरून भोकापाशी गोठतो. वेग ऐंशीच्या आत. आणि मग जायचं कुठे? पत्रिकेतच लिहिलंय: जवळच्या टायर दुरुस्तीवाल्याकडे.

तिथे थोडा अपमान सोसायची तयारी ठेवा. आमच्या पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून ताकासारखं काहीतरी त्याच्या चपलेवर सांडलं. "हे कुणी घातलं?" त्याने विचारलं. सुगरणीने सुनेची आमटी चाखून विचारावं तसं. मग फडकं घेऊन त्याने टायर आतून पुसला, रिम पुसली, हवा मोजणाऱ्या सेन्सरला चिकटलेला चीक नखाने खरवडला. पंक्चरचे दीडशे झाले आणि पुसायचे तीनशे. तेवढ्या वेळात त्याने दोन रिक्षांची पंक्चरं काढून दिली असती, असंही त्याने ऐकवलं.

त्या सेन्सरविषयी गैरसमज नको, गुणी यंत्र आहे. पूर्वी हवा गेली की गाडी एका अंगाला ओढायची, मग कळायचं. आता हवा जाताना आकड्यांत दिसते: ३२, २७, १९, ८. अतिदक्षता विभागात उशाशी मॉनिटर असतो तशी सोय. फक्त इथे डॉक्टर डिकीत नसतो.

खिळा निवडला, तसा रस्ताही निवडा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घ्या. गुळगुळीत, १२०ची वेगमर्यादा, मैलोन्मैल दोन्ही बाजूंना कुंपण. पंक्चरवाल्याची टपरी, म्हणजे खांबाला टांगलेला जुना टायर आणि खाली झोपलेला माणूस, हे मागास दृश्य तिथे दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ याच रस्त्यावर रात्री काही गाड्यांचे टायर फुटले. लोक म्हणाले, रस्त्यात खिळे ठोकलेत. खुलासा आला की ते खिळे नव्हेत. काँक्रीटच्या तड्यांत रसायन भरायला बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या आहेत. ऐकून बरं वाटलं. खिळ्यांसाठी किट असतं. नळ्यांबद्दल पत्रिकेत काही लिहिलेलं नाही.

मला स्वतःला खिळा मिळाला नाही. मला ताम्हिणी मिळाली.

जुलै महिना, धुकं, गाडीत आई, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या धारदार कडेने मागच्या डाव्या टायरची भिंत चांगली चार बोटं चिरली. चाक बदलायचं तर जॅक आणि पाना लागतो, पण चाकच नाही तर ते तरी कशाला, म्हणून कंपनीने तेही दिलं नव्हतं. मदतीच्या नंबरला फोन लावायला चढावर अर्धा किलोमीटर गेलो, तेव्हा कुठे दोन काड्या रेंज आली.

"सर, आपका नियरेस्ट लँडमार्क बताइए."

"धबधबा."

"कौनसा, सर?"

जुलैच्या ताम्हिणीत हा प्रश्न. मग तिने पिनकोड विचारला. मी आजूबाजूला बघितलं, एक माकड होतं.

खाली आलो तर एक छोटा हत्ती थांबला होता. त्याचा ड्रायव्हर बाह्या सरसावूनच उतरलेला. "काढा दादा स्टेपनी, पाच मिनिटांचं काम."

"स्टेपनी नाहीये."

"घरी राहिली?"

"कंपनीच देत नाही."

त्याने माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिलं. "आणि तुम्ही घेतलीत गाडी?" एवढंच म्हणून तो आपल्या टेम्पोचं चाक काढून घेऊन आला आणि आमच्या चाकाशी लावून पाहिलं. त्याला चार भोकं, आमच्याला पाच. भला माणूस, तरी दोनदा फिरवून बघितलं.

तेवढ्यात चमत्कार झाला. आमच्याच मॉडेलची, आमच्याच रंगाची गाडी मागून येऊन थांबली. भावकीतलं कुणी भेटावं तसा मी धावलो. त्या गृहस्थांनी डिकी उघडली, कार्पेट उचललं, थर्माकोल उचलला आणि चेहरा पाडून म्हणाले, "अहो, आमच्याकडे पण बाटलीच." पण त्यांनी ती दिली. टायरची भिंत चिरली आहे, उपयोग नाही, हे मला ठाऊक होतं; पण चौघं जमलेली असताना काहीतरी केल्याशिवाय बरं दिसत नाही. आधी आमची बाटली ओतली, मग त्यांची. चिरेतून सगळं दुधासारखं बाहेर आलं आणि पावसाच्या पाण्याबरोबर उताराला लागलं. आईने सवयीने हात जोडले.

गाडी उचलून नेणारा ट्रक यायला पाच तास लागले. तुमच्यावर अशी वेळ आली तर घरच्यांचं मन रमवायला एक गोष्ट सांगून ठेवतो, मी तीच सांगितली. सुरुवातीच्या मोटारींना जादं चाक नसे. टायर बसला की मालक रस्त्याकडेला बसून ट्यूब काढी, ठिगळ लावी, पुन्हा चढवी. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली: टायर चढवून हवा भरून ठेवलेली एक जादा रिम, जी बसलेल्या चाकाला बाहेरून क्लॅम्पने जखडायची आणि निघायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ते स्टेपनी व्हील. खुद्द इंग्रज तो शब्द केव्हाच विसरले. आपण मात्र ट्रकच्या पोटाखालच्या चाकापासून सगळ्याला स्टेपनीच म्हणत राहिलो. म्हणजे वेल्समधल्या एका गल्लीचं नाव ताम्हिणीतल्या टेम्पोवाल्याच्या तोंडी जिवंत आहे, बघा.

"मग आपली गाडी १९०४च्या आधीची आहे?" मुलाने विचारलं. पोरांना कुठे थांबायचं ते कळत नाही.

एक कबूल करायला हवं, नाहीतर मामांच्या पिढीचं फार कौतुक होईल. स्टेपनी होती तेव्हाही ती वेळेला उपयोगी पडेलच असं नव्हतं. पेट्रोल पंपावर "बत्तीस ठेव" म्हणताना "स्टेपनीचीही बघ रे" असं सांगणारे किती? वर्षानुवर्षं चटया, छत्र्या आणि क्रिकेटच्या बॅटींखाली पडून ती फुसकी झालेली असायची. नट एवढे गंजलेले की पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या. साठीतल्या बाईमाणसाने भर पावसात ते चाक उचलावं असं मीही म्हणणार नाही. पण फुसक्या चाकात हवा भरता येते. थर्माकोलात भरून बघितली, नाही राहत.

तर ज्यांना इतकं सांगूनही सुखाने जगणं जमणार नाही, त्यांनी पुण्यात नाना पेठ गाठावी. मी गाठली. चाक मिळालं, आमच्याच मापाचं, पाच भोकांचं, जुनं पण बरं. जॅक आणि पाना वेगळा घेतला. घरी आणून साचा काढला तर खालचा खड्डा चार बोटंच खोल. कंपनीने तो थर्माकोलाच्या मापानेच केलाय. डिकीत आडवं ठेवलं तर बॅगा राहत नाहीत. शेवटी ते मागच्या सीटवर, आईच्या शेजारी बसलं. बसलं आणि गाडी टिंग टिंग करायला लागली: मागच्या प्रवाशाने बेल्ट लावलेला नाही. आता लावतो. आई प्रवासात त्याच्यावर हात ठेवून झोपते आणि वळणावर "सांभाळ रे" म्हणते, ते मला की त्याला हे विचारलेलं नाही.

परवा मामा आले होते. त्यांनी मागचं दार उघडलं, चाक बघून त्यांचा चेहरा उजळला, तीन वर्षांनी माझ्याबद्दलचं मत सुधारल्यासारखा. वाकून त्यांनी अंगठ्याने टायर दाबला. पुन्हा दाबला.

"हवा नाही यात," मामा म्हणाले.