पैसे १४४ हर्ट्झचे, नांदणे ६० वर!
१४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणाऱ्या मॉनिटरसाठी वर्षभर पैसे साठवले, सोलापूरच्या उन्हात तो मांडीवर धरून रिक्षाने घरी आणला, आणि संगणकाने मात्र पहिल्याच दिवशी त्याला ६० हर्ट्झवर नेऊन बसवले! सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले हा जिना रोज किती वेळा चढायचा? ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्याला चित्र पुरवणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत केला, की पुन्हा ६०. वीज जाऊन आली, की पुन्हा ६०. आणि हे निस्तरून गेम उघडावा, तर त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्येही ६० ठाण मांडून बसलेलेच! दर ६.९ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवू शकणारा पडदा १६.७ मिलिसेकंद हातावर हात ठेवून बसतो, आणि तेवढ्यात शत्रू मला मारून पुढे निघूनही जातो. (आई म्हणते, "चित्र दिसतंय ना? मग झालं की.") त्यात केबलचा कहर निराळाच: खोक्यात एचडीएमआय केबल, मॉनिटरचे पोर्ट जुन्या १.४ आवृत्तीचे, आणि त्याची मजल फुल एचडीला साधारण १२० पर्यंतच. १४४ हवे असतील, तर डिस्प्लेपोर्ट नावाच्या दुसऱ्या जोडणीची केबल वेगळी विकत आणा. नव्या पेठेतल्या दुकानदाराने तर शांतपणे सांगितले, "डोळ्याला फरक कळत नसतो हो." मग किंमत लावताना तुम्हाला तो बरा कळला होता!