‘वेप म्हणजे नुसती पाण्याची वाफ’? नाही!
‘ई-सिगारेटमधून (म्हणजेच वेपमधून) फक्त पाण्याची वाफ निघते, म्हणून ती निर्धोक’ असा मेसेज फिरतो आहे. ती पाण्याची वाफ नव्हे. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वाद यांचे मिश्रण कापसाच्या वातीतून तापल्या तारेवर येते. त्याचे बारीक थेंब छातीत जातात. पॉड (द्रव भरलेली छोटी डबी) संपत आला की वात कोरडी पडते, करपट झुरका घशाला झोंबतो. त्यात फॉर्मॅल्डिहाइड हे विषारी रसायन वाढलेले असते.

तंबाखू जळत नसल्याने विषारी द्रव्ये सिगारेटपेक्षा बरीच कमी, एवढे खरे. पण फायदा सिगारेट पूर्ण सोडली तरच. दोन्ही ओढणाऱ्याला नाही. वेप ओढत राहिले तर निकोटीनची चटकही सुटत नाही. शिवाय भारतात 2019 पासून विक्रीवरच बंदी आहे, त्यामुळे टपरीवर लपूनछपून मिळणाऱ्या पॉडमध्ये काय भरले आहे, याची खातरी त्यावरचे लेबल देत नाही.