तंबू चार माणसांचा

सोलापुरात अंदमान माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही. भूगोलामुळं नव्हे, उकाड्यामुळं. मे महिन्यात पारा 42-43 वर जाऊन बसतो, पंखा इकडची गरम हवा तिकडं करतो, आणि मग एके सकाळी पेपरात छोटीशी चौकट येते : मान्सून अंदमानात दाखल. नुसती चौकट वाचून आमच्या गल्लीत लोकांना गार वाटायला लागतं. शेजारचे व्यंकटेश अन्ना माग बंद करून बाहेर येतात आणि आभाळाकडं बघतात. अंदमानात साधारण 20 मेच्या पुढंमागं, केरळात 1 जूनला आणि सोलापुरात त्याच्या मनात येईल तेव्हा. एवढाच आमचा अंदमानशी संबंध. तो तेवढाच राहिला असता, पण माझा मेव्हणा पुण्यात राहतो आणि सह्याद्रीत झोपतो.

त्याच्याकडं तंबू आहे. उन्हाळ्यात आमरसाला आला होता, तिसऱ्या वाटीनंतर म्हणाला, "दाजी, अंदमानला जा. माणसं हॉटेलातच लुटली जातात. तंबू माझा घ्या. समुद्राच्या काठाला टाकायचा, रात्री चांदणं, सकाळी समुद्र. खर्च शून्य. तुम्ही फक्त पोचायचं."

फक्त पोचायचं! हा माणूस हिंजवडीहून डेक्कनला वेळेत पोचत नाही.

पण 'खर्च शून्य' हे आमच्या हिच्या कानावर पडलं होतं. सुवर्णानं मुलांच्या जुन्या वहीची कोरी पानं काढली, वर 'श्री' लिहिलं आणि खाली 'अंदमान' लिहून दोन रेघा मारल्या. आमच्या घरात दोन रेघा मारलेली गोष्ट रद्द होत नाही.

आधी लक्षद्वीपचा विचार झाला, कारण नकाशात ते जवळ दिसतं. पण तिथं जायला परवाना काढावा लागतो. अप्पा म्हणाले, "माझ्या रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त व्हायला काय हाल झाले ते बघितलंय मी. परवान्याचं नाव काढू नका." तेव्हा अंदमान.

आता पोचण्याचं. सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावर आहे, म्हणजे चेन्नईची गाडी आमच्या दारातून जाते. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला सरकारी जहाज जातं. सुमारे 1,200 किलोमीटर, 60 तासांच्या आसपास. बंक नावाचा स्वस्त वर्ग असतो, एका मोठ्या दालनात ओळीनं खाटा. सुवर्णा खूश. मग खरी मेख कळली. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सकाळी आठ वाजून काही मिनिटांत भरूनही जातं. जहाजाचं वेळापत्रक मात्र तोंडावर आल्याशिवाय कळत नाही. म्हणजे गाडीचं तिकीट काढायचं ते कुठल्या जहाजासाठी, ते जहाजालाच अजून माहीत नसतं. शिवाय जायला तीन दिवस, यायला तीन दिवस. मुलांची सुट्टी आठवड्याची. "म्हणजे अंदमानात एकच दिवस?" मुक्तानं विचारलं. ती आठवीत आहे, गणित चांगलं आहे.

विमान चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांत नेतं. पण विमानात माणशी 15 किलो सामान आणि हातात 7 किलो. हा आकडा आईला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "एका वेळचं?"

इथून पुढं आमच्या घरात काटा आला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून संध्याकाळच्या बोलीवर आणलेला, इलेक्ट्रॉनिक, ज्याच्या पत्र्यावर साखरेचा चिकट थर होता. त्यावर सोलापुरी चादर ठेवली. दीड किलोच्या पुढं. माणशी एक अंथरायला, एक पांघरायला. माणसं सहा. ओंकारनं तोंडी हिशेब केला आणि म्हणाला, "आज्जी, एका माणसाच्या सामानापेक्षा जास्त तर नुसत्या चादरीच झाल्या." मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, तिथं उकाडा असतो, चादरी कशाला, स्लीपिंग बॅग घ्या, सातशे ग्रॅमची मिळते. स्पीकर चालू होता आणि अन्ना खुर्चीत बसले होते. अन्नांची तिसरी पिढी मागावर आहे. ते काही बोलले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी स्वतः विणलेले सहा टॉवेल आणून दिले आणि म्हणाले, "हे तरी न्या बे. तिकडं अंग पुसायला लागतंय का नाही, का तेपण सातशे ग्रॅममधी करतेत?"

खाण्याच्या बाबतीत मात्र मी निश्चिंत होतो. डबाबंद नूडल्स घेऊन गड चढणाऱ्यांना सांगायला पाहिजे, की तंबूत राहायचं अन्न सोलापुरात कधीचं तयार आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजून मग निखाऱ्याच्या धगीला उभी करून पार पापडासारखी होईपर्यंत वाळवायची. महिनाभर बघायला नको. न शिजवता, न तापवता, नुसती मोडायची आणि खायची. आईनं चळत रचायलाही घेतली. तेवढ्यात मेव्हणा म्हणाला, "तिकडं हवा दमट असते. भाकरी कडक राहणार नाही." आईनं त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तशी ती तिच्या लग्नात मानपान चुकवणाऱ्यांकडंच बघते. "मी केलेली भाकरी," ती म्हणाली, "समुद्राला भिऊन मऊ होईल?"

खोबरं निघालं ते वेगळंच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेता येत नाहीत. त्यात तेल इतकं असतं की पेट घ्यायची भीती. गॅसची छोटी टाकी चालत नाही, हे समजू शकतो. काडेपेटी चालत नाही, ठीक. पण ज्या बेटावर डोक्यावर नारळ पडून माणूस जायबंदी होऊ शकतो, तिथं जाताना सामानातून खोबरं काढून ठेवायचं, हे आईच्या गळी काही केल्या उतरेना.

"गॅस न्यायचा नाही, काडी न्यायची नाही. तिथं चूल?"

"जंगलखात्याची जागा असते आई, जाळ करू देत नाहीत."

"मग पहाटेचा चहा?"

त्या प्रश्नाला आजवर उत्तर मिळालेलं नाही. तशात तिथली पहाट फार लवकर होते. घड्याळ देशभर एकच आणि अंदमान पार पूर्वेला, त्यामुळं आपल्यापेक्षा तासभर आधी उजाडतं आणि हिवाळ्यात साडेपाचपर्यंत दिवेलागण. म्हणजे चहाविना तासभर जास्त.

अप्पांना तंबूशी देणंघेणं नव्हतं. त्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं, बाकी समुद्र वगैरे वाटेत लागला तर लागू दे. सोलापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. 1930 चा मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे आमच्याकडं चौकातच उभे आहेत. अप्पा लहानपणापासून त्यांना नमस्कार करून बाजारात जातात. त्यांनी जेलवरचं पुस्तक लायब्ररीतून आणलं, रात्रभर वाचलं आणि सकाळी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "1906 साली बांधून झालं. कोठडी साडेचार मीटर बाय दोन पूर्णांक सात. एका कैद्याला." मग मेव्हण्याच्या तंबूची पिशवी उलटी करून त्यावरचा छापील आकडा वाचला. सात फूट बाय सात फूट. "आणि आपण सहा जण," ते म्हणाले. "इंग्रज बरे."

वहीत इकडं बेटं वाढत होती. सुवर्णानं हॅवलॉकला दोन दिवस धरले होते, स्वराज द्वीपला दोन, नीलला एक आणि शहीद द्वीपला एक. प्रत्येक ठिकाणचं बोटीचं भाडं वेगळं लावलेलं. 2018 च्या अखेरीला हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप, हे कळल्यावर एका फटक्यात निम्मा खर्च वाचला. आमच्या नियोजनातली ही एकमेव खरी बचत. (पोर्ट ब्लेअरही 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे. पण तेव्हा तिनं तिथला मुक्काम दोनदा लावलेला नव्हता, त्यामुळं फायदा झाला नाही.)

नील म्हणजे शहीद द्वीपवर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी गावं आहेत, हे ऐकून आई एकदम सरसावली. "मग तिथंच जाऊ. ते यात्रेच्या पैशातनं करता येईल." आईकडं यात्रेचे पैसे वेगळे असतात, स्टीलच्या डब्यात, आणि ते किती आहेत हे अप्पांनाही माहीत नाही. सुवर्णानं लगेच वहीत नवा रकाना काढला.

मग एका दुपारी मी तंबू टाकायच्या नियमांची चौकशी करायला घेतली. किनाऱ्यावर वाटेल तिथं तंबू ठोकता येत नाही, परवानगी लागते. भरतीची रेघ सोडून वर, पण नारळाच्या झाडाखाली नको. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या असतात, त्या चावल्या की कितीतरी दिवस खाज. काही किनाऱ्यांवर मगरीपासून सावध राहण्याच्या पाट्या आहेत, खाऱ्या पाण्यातली मगर, चांगली मोठी होते. हे सगळं मी एका दमात वाचून दाखवलं. ओंकारला फक्त मगर ऐकू आली आणि तो सहलीला दुप्पट तयार झाला. शिंपले आणि प्रवाळ उचलून आणायला मनाई आहे, हे ऐकल्यावर मात्र तो रडला.

रंगीत तालीम गच्चीवर झाली. काँक्रीटमध्ये खुंटी जात नाही, म्हणून तंबूची एक दोरी पाण्याच्या टाकीला, एक टीव्हीच्या जुन्या छत्रीला, एक अन्नांच्या कठड्याला आणि एक मुक्ताच्या सायकलीला बांधली. आत शिरताना कळलं की 'चार माणसांचा' हे माप करणाऱ्यानं माणसं कुठली घेतली असतील ते त्यालाच ठाऊक. आई आणि सुवर्णा आत. मुलं आडवी. अप्पांचं डोकं आत, गुडघ्यापासून पुढचे पाय बाहेर, त्यावर चादर. मी सामान म्हणून बाहेर. रात्री अकरालासुद्धा गच्ची पायाला भाजत होती. आतून ओंकारचा आवाज, "पप्पा, इथं समुद्र कुठल्या बाजूला समजायचा?" मी म्हटलं, होटगी रोडकडं.

दोनच्या सुमाराला खालून अन्नांची हाक आली : "पाणी आलं बेऽऽ!"

ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांना हे सांगून कळायचं नाही. आमच्याकडं चार-पाच दिवसांआड येतं आणि वेळ त्याची त्याला ठाऊक. हाक ऐकल्यावर सोलापूरचा माणूस विचार करत नाही. तंबूला एकच चेन होती आणि पाच माणसं एकदम बाहेर येऊ बघत होती. अप्पा सर्वांत आधी निघाले, कारण निम्मे आधीच बाहेर होते. मोटार लावली, पिंपं भरली, हंडे भरले, कूलर भरला, चहाची पातेली भरली. दोन तासांनी वर येऊन बघतो तर वारं सुटलेलं आणि तंबू सायकलीसकट अन्नांच्या गच्चीच्या कठड्यावर लटकलेला. अन्ना खालून बॅटरी मारून बघत होते. "उद्या मी शिवून देतो," म्हणाले. "पण कापड काय खरं न्हाई याचं."

त्यानंतर तारखेचा प्रश्न आला. मेअखेर म्हणजे मान्सून अंदमानात दाखल, म्हणजे जो आपल्याकडं यायला निघाला आहे त्याला आपणच मधे जाऊन भिजायचं. दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज निघाले असताना सोलापूर सोडून जाणारा माणूस अजून जन्मायचाय. फेब्रुवारी-मार्च परीक्षा. उरला डिसेंबर. त्याच महिन्यात सगळा देश अंदमानला जातो आणि विमानाचं भाडं बघून सुवर्णानं वही मिटली, मग पुन्हा उघडली, कारण दोन रेघा.

डिसेंबरचं ठरलं. आता पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं आणि पाणी यायच्या आदल्या दिवशी परतायचं, असा मुहूर्त शोधणं चालू आहे. नाही तर अंगभर मीठ घेऊन आलेल्या सहा माणसांनी घरी येऊन आंघोळ कशानं करायची? मधल्या पाण्याला टाकी भरायला कुणीतरी हवं, म्हणून मी अन्नांकडं किल्ली घेऊन गेलो.

अन्नांनी किल्ली हातात घेतली, उलटीसुलटी बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली. "तेच बोलायचं होतं बे. आमच्या घरातबी जायचं म्हणायलेत. आम्ही पाच जण. तंबू शिवताना बघितला मी, मजबूत केलाय आता."

मी आईकडं बघितलं. ती भाकरीच्या चळतीला कागद गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "येऊ द्या की. चार माणसांचा आहे."