तेलाने माखलेला पक्षी: बेसन, शाम्पू, ड्रायर आणि खोबरेल तेल

पाळीव पक्ष्याच्या अंगावर तेल सांडलं तर काय करायचं, याचा एक घरगुती उपाय बराच फिरतोय. अंगभर बेसन किंवा मैदा चोळा, चांगल्या गरम पाण्यात शाम्पूने न्हाऊ घाला, हेअर ड्रायरने वाळवा आणि शेवटी पिसांना चमक यावी म्हणून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. "तासाभरात पक्षी पूर्ववत!" असं वर आश्वासनही असतं. सांगणाऱ्यांना पक्ष्यांची कळकळ असेल, पण ३०-४० ग्रॅम वजनाच्या बजरीगर या छोट्या पोपटावर हे सगळं एकापाठोपाठ केलं तर तेलापेक्षा उपायानेच तो दगावण्याची भीती जास्त. फराळाच्या दिवसांत कढई चुलीवर आणि पक्षी घरात मोकळा, हे दृश्य अनेक घरांत असतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

या उपायाचं मूळच चुकलंय. तेल म्हणजे मळ, तो काढला की काम झालं, असं त्यात गृहीत धरलंय. पिसाच्या दांड्याला तंतू असतात, तंतूंना उपतंतू, आणि ते सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत चेनसारखे अडकलेले असतात. या घट्ट विणीमुळे पाणी आत शिरत नाही आणि पिसांखाली गरम हवा टिकते. तेल लागलं की वीण मोडते, हवेचा थर जातो आणि ४०-४२ अंश तापमानाचं ते इवलंसं शरीर भराभर थंड पडतं. शिवाय पक्षी चोचीने पिसं साफ करत राहतो, त्यामुळे तेल पोटात आणि कधी श्वासनलिकेतही जातं. म्हणून पहिलं काम ऊब देण्याचं आणि चोच पिसांपासून दूर ठेवण्याचं. छातीवर दाब न देता पक्ष्याला मऊ पंच्यात सैल गुंडाळा. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास चालतो. घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो.

सागरी तेलगळतीत सापडलेल्या पक्ष्यांवर काम करणारेही याच क्रमाने जातात. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दोन तेलवाहू जहाजांची टक्कर झाली, हजारो पक्षी माखले आणि धडपड करूनही त्यांतले फार थोडे वाचले. त्यातूनच 'इंटरनॅशनल बर्ड रेस्क्यू' ही संस्था उभी राहिली. अशा केंद्रांत पक्षी आणल्याबरोबर धुवत नाहीत. आधी ऊब, पाणी आणि अन्न देऊन त्याला सावरू देतात, कारण गळाठलेल्या पक्ष्याला धुण्याचा ताणच सोसत नाही.

आता बेसन. ते तेलाला लागलं की त्याचा लगदा होतो, पिसांच्या मुळाशी बसतो आणि चोळताना उपतंतू मोडतात. उडालेली पूड नाकपुड्यांत जाते ती वेगळीच. वरवरचं तेल टिपायला टिश्यू पेपर पुरतो. पिसांच्या दिशेने नुसता दाबून उचलायचा, घासायचा नाही.

शाम्पूचं काय? त्यातले सुगंध आणि केस मऊ करणारे पदार्थ पिसांवर थर सोडतात. तेलगळतीच्या कामात भांडी घासायचं लिक्विडच वापरतात, कारण ते तेल सोडवतं आणि स्वच्छ निघून जातं. साबणाची वडी नको, लिक्विडच, तेही सौम्य. डाग छोटा असेल आणि पक्षी तरतरीत असेल तरच घरी धुवा. पसरट टोपात कोमट पाणी घ्या, आपल्या मनगटाला जेमतेम ऊबदार लागेल एवढंच, आणि त्यात लिक्विडचे काही थेंब टाका. पक्ष्याचं डोकं पाण्याबाहेर ठेवून माखलेल्या भागावर हाताने पाणी सोडा. पाणी तेलकट झालं की टोप बदला. खरी मेहनत पुढे आहे, ती खळबळून काढण्याची. साबणाचा अंश राहिला तर तेल गेलं तरी पिसं पाणी धरतातच. स्वच्छ कोमट पाणी पुन्हा पुन्हा सोडत राहायचं, बुळबुळीतपणा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत. बहुतेक जण इथेच थकून थांबतात. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला किंवा मान टाकू लागला, तर मात्र धुणं तिथेच थांबवा आणि ऊब द्या.

ड्रायरला तर माझा ठाम विरोध आहे. नाजूक कातडी भाजते, आवाजाने पक्षी हादरतो, आणि काही ड्रायरच्या आतल्या भागांवर नॉनस्टिक भांड्यांसारखा लेप असतो. तो तापला की निघणारा वायू पक्ष्यांना मारतो. टॉवेलने हलकेच टिपा आणि वाऱ्याची झुळूक नसलेल्या उबदार खोलीत ठेवा. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला, बाहेरून, जुन्या पद्धतीचा तापणारा साधा बल्ब लावा, म्हणजे गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल.

खोबरेल तेलाबद्दल काय बोलावं! जे काढायला एवढा खटाटोप केला तेच परत लावायचं? पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी तैलग्रंथी असते हे खरं, पण तिचा स्राव त्याच्या चोचीने अगदी विरळ पसरतो. खाद्यतेलाने तीच मोडलेली वीण पुन्हा मोडते.

या उपायात एक मोठी गोष्ट राहूनच गेलीय. पक्षी गरम तेलात पडला असेल, तर ती भाजल्याची जखम आहे. भाजलेल्या भागावर थोडा वेळ गार पाणी सोडा, बर्फ लावू नका, हळद-तूप-मलम काहीच नको, आणि तडक पशुवैद्याकडे न्या. इंजिन ऑइल, डांबर, उंदराच्या सापळ्याचा गोंद यांच्या बाबतीतही घरी प्रयोग करू नका. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर तर कधीच लावायचं नाही; ते कातडीतून आणि श्वासातून अंगात भिनतं. अर्ध्याहून जास्त अंग माखलं असेल, तरीही दवाखानाच गाठा. नेताना खोक्यात कोरडा पंचा घाला, खोक्याला हवेसाठी भोकं पाडा आणि अंगावर सांडलेल्या तेलाची बाटली किंवा पुडा सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांना विषबाधेचा अंदाज येतो. घरी धुतलेला पक्षीही पुढचे दोन दिवस नीट खातोय का, त्याची शीट नेहमीसारखी आहे का आणि श्वास घेताना त्याची शेपटी वर-खाली हलतेय का, याकडे लक्ष ठेवा. शेपटी अशी हलायला लागली, तर फुप्फुसात तेल गेल्याची शक्यता असते. त्यासाठी उद्याची वाट पाहू नका.